एकाक्षरी शब्दांचा इतिहास : खुर्सीपारच्या निमित्ताने 'च', 'ही' आणि 'ला' यांचा विचार

१

भाषासंपर्काचा इतिहास लिहिताना आपल्याकडे प्रामुख्याने नामांच्या याद्या केल्या जातात. कोणत्या भाषेतून किती शब्द आले, त्यांपैकी महसुलाचे किती, लष्कराचे किती, पोशाखाचे आणि पक्वान्नांचे किती, अशी वर्गवारी केली जाते आणि तिच्या आधारे दोन समाजांच्या संबंधांविषयी अनुमाने काढली जातात. ही पद्धत उपयुक्त असली तरी अपुरी आहे. नाम हे वस्तूबरोबर येते. वस्तू घेणारा माणूस ती देणाऱ्याच्या शेजारी राहिलेला असतोच असे नाही. याउलट 'च', 'ही', 'ला', 'नि' यांसारखे इवलेसे शब्द कोणत्याही वस्तूबरोबर येत नाहीत. एका भाषेतून दुसरीत त्यांचे स्थलांतर होते ते दोन्ही भाषा रोजच्या रोज बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून, आणि तेही बहुधा दीर्घ सहवासानंतर. त्यामुळे त्यांची साक्ष नामांच्या साक्षीपेक्षा अधिक मोलाची ठरते. मात्र मोलाची साक्ष अधिक काटेकोरपणे तपासून घ्यावी लागते.

छत्तीसगडी भाषेत 'फक्त' या अर्थाचा 'च' आहे आणि 'ला' हा कर्म व संप्रदान दाखवणारा प्रत्यय आहे. मराठीतही हे दोन्ही आहेत. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की 'च' आणि 'ला' या मराठी राजवटीने छत्तीसगडीला दिलेल्या देणग्या होत, असे म्हणण्याचा मोह मराठी अभ्यासकाला सहज होतो. हे अनुमान कितपत टिकते याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू त्याच्याशी निगडित आहे. राजवटीबरोबर नव्हे, तर पोलाद कारखान्याबरोबर जी मराठी भाषा विसाव्या शतकात छत्तीसगडात आली, तिच्यातील या लहान शब्दांपुढे कोणते प्रश्न उभे राहतात, हे पाहावयाचे आहे.

या दुसऱ्या प्रश्नासाठी भिलाईतील खुर्सीपार ही वस्ती समोर ठेवली आहे. भिलाईच्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या या प्रदेशात देशाच्या सर्व भागांतून कामगार आले आणि भिलाईला पुढे 'लघु भारत' असे म्हटले जाऊ लागले. ग्रेट ईस्टर्न रोडच्या आसऱ्याने वाढलेली खुर्सीपार ही या लघु भारताची कामगार वस्ती. तेथे तेलुगू भाषकांची संख्या लक्षणीय आहे. छत्तीसगडी तर त्या भूमीचीच भाषा. भोजपुरी, ओडिया आणि मराठी या भाषाही भिलाईत कामगारांबरोबर आल्या. सर्वांची सामाईक व्यवहारभाषा हिंदी.

नागपूर जिल्ह्यात पेंच अभयारण्याच्या कडेला खुर्सापार नावाचे गाव आहे. एका स्वराचा फरक असलेली ही दोन नावे ऐकून त्यांच्यात नाते जोडावेसे वाटते. परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून इतिहास रचणे किती धोक्याचे असते, हेच पुढील विवेचनात वारंवार दिसून येईल.

२

प्रथम या शब्दांच्या स्वरूपाविषयी थोडे. यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे पदांचे चार वर्ग सांगितले. निपातांपैकी काही उपमेसाठी, काही अर्थांचा समुच्चय करण्यासाठी आणि काही केवळ पादपूरणासाठी येतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. पादपूरणाच्या या कल्पनेमुळे निपात म्हणजे भरतीचे शब्द अशी एक समजूत रूढ झाली. मराठी शालेय व्याकरणांनी 'च', 'ही', 'देखील', 'मात्र' यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हटले, कारण ती जोडली जाताना मागील शब्दाचे सामान्यरूप होत नाही. ही नोंद रूपापुरती बरोबर आहे, पण या शब्दांचे वाक्यातील बळ तिच्यातून कळत नाही. 'मी येईन', 'मीच येईन' आणि 'मीही येईन' या तीन वाक्यांत एका अक्षराचाच फरक आहे. परंतु पहिल्यात केवळ विधान आहे, दुसऱ्यात इतरांना वगळले आहे आणि तिसऱ्यात इतरांबरोबर स्वतःला सामील करून घेतले आहे.

हे शब्द इतके आखूड का होतात? याचे एक कारण वापराच्या वारंवारतेत आहे. जो शब्द प्रत्येक वाक्यात येतो आणि ज्याच्यावर स्वतःचा आघात नसतो, तो झिजतो आणि झिजून शेजारच्या शब्दाला चिकटतो. मराठीतील 'आणि' बोलण्यात 'अन्', 'नि' होतो. फ्रेंचमध्ये 'द' आणि 'ल' यांचे मिळून 'द्यु' होते, जर्मनमध्ये 'त्सू' आणि 'देम' यांचे 'त्सुम' होते. हिंदीत 'सब' आणि 'ही' यांचे 'सभी', 'इस' आणि 'ही' यांचे 'इसी', 'हम' आणि 'ही' यांचे 'हमीं' होते. स्वतंत्र शब्द झिजत जाऊन व्याकरणाचे साधन बनण्याच्या या प्रक्रियेला आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये व्याकरणीकरण असे नाव दिले. मराठी भाषेच्या घडणीवरचा पायाभूत ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध करणारे झ्यूल ब्लॉक हे मेये यांचेच शिष्य होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या झिजेचा एक परिणाम इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लांब शब्दांत ध्वनी पुष्कळ असतात, त्यामुळे दोन भाषांतील दोन लांब शब्द सारखे निघाले तर त्यांच्यात नाते असण्याचा संभव मोठा असतो. एकाक्षरी शब्दांचे तसे नाही. व्यंजन एकच आणि स्वरही एकच उरला की निरनिराळ्या मुळांचे शब्द सारखे दिसू लागतात आणि एका मुळाचे शब्द परके वाटू लागतात. म्हणून या शब्दांच्या बाबतीत ध्वनीबरोबर आणखी दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत : शब्द वाक्यात कोठे बसतो, आणि तो ज्यांच्या तोंडून आला असेल अशी माणसे त्या प्रदेशात होती काय.

३

मराठी 'च'चा वंश बराचसा स्पष्ट आहे. संस्कृतातील 'च' आणि 'एव' यांचा संधी 'चैव'. प्राकृतात अवधारणासाठी 'चेअ', 'चिअ', 'च्च' अशी रूपे वापरली जात आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ती नोंदवली आहेत. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत 'च्चिअ' हे रूप आढळते. ही रूपे 'चैव'शी जोडली जातात. पुढे ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'चि' दिसतो आणि आजच्या मराठीत 'च' उरतो. बोलताना तर त्यातील स्वरही लोपतो आणि 'मीच्' असा केवळ व्यंजनाचा उच्चार कानी पडतो. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा महाराष्ट्री प्राकृताशी असलेल्या मराठीच्या नात्याची मोठी चर्चा झाली. त्या नात्याचा एक धागा प्रत्येक मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा उच्चारतो.

या वंशावळीत एक अर्थांतर दडलेले आहे. संस्कृत 'च' म्हणजे 'आणि'. लॅटिनमधील शब्दाला मागून चिकटणारा 'क्वे' हा त्याचा सगोत्र आहे आणि त्याचाही अर्थ 'आणि' असाच. म्हणजे जे अक्षर मुळात जोडत होते, ते 'एव'च्या संगतीत राहून त्याचा अर्थ घेऊन बसले आणि 'एव' गेल्यावर वेगळे काढण्याचे काम करू लागले. समावेशाच्या शब्दापासून वगळण्याचा शब्द तयार होतो, हे आपल्याला विसंगत वाटेल. लहान शब्दांच्या इतिहासात ते नवलाचे नाही.

'घरचाच' या शब्दात दोन 'च' आहेत. त्यांपैकी पहिला षष्ठीचा असून त्याचे मूळ सामान्यतः संस्कृत 'त्य' प्रत्ययात शोधले जाते. दुसरा अवधारणाचा. एकाच शब्दात शेजारी बसलेल्या या दोन अक्षरांचे गोत्र वेगळे आहे. उच्चाराची बाबही नोंदवली पाहिजे. अवधारणाचा 'च' मराठीत 'चाक' या शब्दातल्यासारखा, म्हणजे दंततालव्य उच्चारला जातो. हिंदीत आणि छत्तीसगडीत केवळ 'चार' या शब्दातला तालव्य उच्चार आहे.

४

'ला'ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जुन्या मराठीत संप्रदानासाठी 'सि', 'तें' आणि 'लागीं' यांचा वापर भरपूर दिसतो. 'लागीं' हा 'लग्' या धातूपासून आलेला, 'साठी, कडे' अशा अर्थाचा शब्द. आजचा 'ला' त्याच घराण्यातील झिजलेले रूप होय, अशी उपपत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते. वऱ्हाडी-नागपुरी बोलींत त्याच्या जागी 'ले' येतो आणि 'मला, तुला' यांऐवजी 'मले, तुले' असे म्हटले जाते.

छत्तीसगडीत 'मोला' म्हणजे 'मला' आणि 'तोला' म्हणजे 'तुला'. येथपर्यंत मराठी माणसाला घरी आल्यासारखे वाटते. परंतु छत्तीसगडीत 'ले' हा प्रत्ययही आहे आणि त्याचा अर्थ 'पासून, पेक्षा' असा आहे. विदर्भातून खुर्सीपारला आलेला माणूस 'ले' म्हणतो तेव्हा त्याला 'कडे' म्हणावयाचे असते. त्याच्या छत्तीसगडी शेजाऱ्याच्या 'ले'मध्ये 'कडून' असा भाव असतो. एकाच्या बोलीत जे अक्षर देण्याचे, ते दुसऱ्याच्या भाषेत घेण्याचे. प्रमाण मराठीचा 'ला' छत्तीसगडीशी जुळतो, पण छत्तीसगडाला भौगोलिकदृष्ट्या जवळ असलेल्या वऱ्हाडी-नागपुरीचा 'ले' मात्र जुळत नाही. उसनवारी मानावयाची तर ही अडचण दुर्लक्षिता येत नाही.

नेपाळी भाषेचा दाखला येथे निर्णायक ठरावा. नेपाळीत 'मलाई' म्हणजे 'मला'. तेथील 'लाई'ही 'लग्' या धातूच्याच परिवारातला मानला जातो. पंजाबीतील 'लई' म्हणजे 'साठी', हाही त्यांचा आप्त. अवधीत 'लागि' हा शब्द 'साठी' या अर्थाने होता, आणि छत्तीसगडी ही अवधीची जवळची बहीण. नेपाळवर कधी मराठ्यांचे राज्य नव्हते. तेथे जर हा शब्द स्वतःच्या गतीने झिजून संप्रदानाचा प्रत्यय बनू शकतो, तर छत्तीसगडीत तसे होण्यासाठी नागपूरच्या दरबाराची गरज आवश्यक मानण्याचे कारण नाही.

५

आता 'च'कडे वळू. तुलनेसाठी प्रथम दखिनीचे उदाहरण घेऊ, कारण तेथे उसनवारी निःसंशय आहे. दखिनी बोलणारा 'मेरेकूच' म्हणतो, 'ऐसाइच' म्हणतो. उत्तरेकडील खडी बोलीत हा 'च' नाही. दखिनी ज्या प्रदेशात वाढली तेथे मराठी शतकानुशतके शेजारी होती आणि दोन्ही भाषा बोलणारी माणसे बाजारात, सैन्यात, दर्ग्यांत आणि घरांत होती. शिवाय 'मेरेकूच' या रूपात 'कू' हा विभक्तीचा प्रत्यय आधी आणि 'च' नंतर आहे. 'मलाच', 'आईलाच' या मराठी रूपांतही हाच क्रम आहे. म्हणजे दखिनीने अक्षर घेतले आणि त्याची बसण्याची जागाही मराठीप्रमाणेच ठेवली.

छत्तीसगडीत हा क्रम उलटा आहे. तेथे 'दाईच ला' अशी रचना होते. 'घरेच मा' म्हणजे 'घरातच'. 'च' आधी आणि विभक्ती नंतर. मराठीत 'आईचला' किंवा 'घरचात' असे कोणी म्हणणार नाही. समावेशाच्या शब्दाचेही तसेच आहे. मराठीत 'आईलाही', तर छत्तीसगडीत 'दाईओ ला'. छत्तीसगडीचे पहिले व्याकरण लिहिणारे धमतरीचे शिक्षक हिरालाल काव्योपाध्याय यांचा ग्रंथ जॉर्ज ग्रियर्सन यांनी इंग्रजीत आणून १८९० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातही या दोन अव्ययांची दखल घेतलेली आहे. पुढे ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सहाव्या खंडात, १९०४ मध्ये, छत्तीसगडीचा समावेश पूर्व हिंदीत झाला.

माणसांची कसोटी लावली तर चित्र असे दिसते. भास्करपंतांची स्वारी १७४१ मध्ये रतनपूरवर आली आणि हैहयवंशीय सत्ता मोडली. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून कारभार केला. त्यांच्या काळात मराठी भाषा आणि मोडी लिपी राज्यकारभारात आली आणि रामटेकडीवर राममंदिर उभे राहिले. त्यानंतर सुभेदारांचा अंमल सुरू झाला. १८१८ ते १८३० या काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांची देखरेख होती, मग पुन्हा भोसले आले, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. या सर्व काळात मराठी बोलणारा वर्ग प्रामुख्याने अधिकारी, कारकून आणि शिपाई यांचा होता. अशा वर्गाकडून शेतकरी समाज नामे घेतो. पण 'फक्त' म्हणण्याची रीत तो कचेरीतून उचलेल, हे संभवनीय वाटत नाही.

राजवटीबाहेर मात्र दुसरा एक संपर्क होता आणि तो अधिक जुना व अधिक खोल होता. हलबा, गोंड, कोष्टी अशा समाजांची वस्ती विदर्भाच्या पूर्व भागापासून छत्तीसगडापर्यंत पसरलेली आहे. त्या जंगलपट्ट्यात आजच्या राज्यांची सीमा नव्हती. या संपर्काचा पुरावा म्हणजे बस्तरची हल्बी. हल्बीत 'मोचो' म्हणजे 'माझा'. 'चो' हा षष्ठीचा प्रत्यय उघडच मराठी 'चा'च्या नात्यातला आहे, पण मराठीत तो 'चा, ची, चे' असा लिंगवचनाप्रमाणे बदलतो, तर हल्बीत तो अविकारी राहतो. १९०५ मध्ये स्टेन कोनोव यांनी सिद्ध केलेल्या सर्वेक्षणाच्या सातव्या, म्हणजे मराठीच्या, खंडात हल्बीला स्थान मिळाले. हल्बी ही कोणत्याही दरबाराची निर्मिती नव्हे. अनेक भाषा बोलणारे लोक आठवडी बाजारात आणि गावात एकमेकांशी बोलू लागले तेव्हा घडलेली ती भाषा आहे.

यावरून काढावयाचा निष्कर्ष मर्यादित आहे, पण स्पष्ट आहे. छत्तीसगडीतील 'च' भोसल्यांच्या राजवटीची देणगी म्हणून दाखवता येत नाही. मराठीशी त्याचा संबंध असेल, तर तो सीमेवरच्या सामान्य लोकांच्या सहवासातून आलेला असला पाहिजे, आणि तसा तो आला असेल तरी छत्तीसगडीने त्याला स्वतःच्या नियमाप्रमाणे, विभक्तीच्या अलीकडे बसवले आहे. घेणाऱ्या भाषेचे कर्तृत्व मान्य न करता केवळ देणाऱ्याचे श्रेय नोंदवणे हे इतिहासलेखन नव्हे. छत्तीसगडीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा देण्यात आला. तिच्या व्याकरणाचा इतिहास तिच्याच पुराव्यांवर उभा राहिला पाहिजे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी त्यात सहकाऱ्याच्या नात्याने सहभागी व्हावे हे उचित.

६

ध्वनिसाम्याच्या धोक्याचा पडताळा खुर्सीपारमध्ये एकत्र आलेल्या भाषांतच घेता येतो. 'मीही' या अर्थी छत्तीसगडी माणूस 'महूँ' म्हणतो. भोजपुरी बोलणारा 'हमहूँ' म्हणतो आणि 'राम देखील' या अर्थी 'रामो' म्हणतो. तेलुगूत 'नेनु' म्हणजे 'मी'. त्यातील अंत्य स्वर दीर्घ करून 'नेनू' म्हटले की 'मीही' असा अर्थ होतो आणि 'नेने' म्हटले की 'मीच'. म्हणजे एकाच गल्लीतल्या तीन भाषांत समावेशाची खूण 'ऊ' किंवा 'ओ' या ओष्ठ्य स्वरांनी होते. ज्याला उसनवारीच शोधावयाची आहे त्याला हा मोठा पुरावा वाटेल. परंतु तेलुगूचा 'ऊ' हा द्राविड कुळातील 'आणि, देखील' या अर्थाच्या प्रत्ययाचा अवशेष असून तमिळमधील 'उम्' हे त्याचे सगोत्र रूप आहे. छत्तीसगडी आणि भोजपुरी यांची रूपे पूर्वेकडील हिंदी-बिहारी परंपरेतील आहेत. ही दोन कुळे खुर्सीपारला एकत्र आली ती कारखान्यामुळे. त्यांच्यातील साम्य त्यापूर्वीचे आणि योगायोगाचे आहे. ओडियात 'देखील' या अर्थी बोलण्यात 'बि' येतो. तो संस्कृत 'अपि'चा वंशज, आणि हिंदीतील 'भी' त्याच 'अपि'पासून 'हि'च्या जोडीने आलेला. म्हणजे 'बि' आणि 'भी' यांच्या साम्यामागे खरोखरच नाते आहे. कानाला दोन्ही प्रकारचे साम्य सारखेच भासते. त्यांतील भेद इतिहासावाचून कळत नाही.

७

मराठी भाषकाला मात्र भिलाईत खरी अडचण येते ती सारख्या दिसणाऱ्या, पण उलट अर्थ असणाऱ्या शब्दाची. हा शब्द म्हणजे 'ही'. मराठीत 'ही' म्हणजे 'देखील'. हिंदीत 'ही' म्हणजे 'फक्त', अर्थात मराठीचा 'च'. लिपी एक, अक्षर एक आणि उच्चारही जवळजवळ एक. मराठीत 'त्यांनीही मान्यता दिली' असे लिहिले असेल तर इतरांच्या बरोबरीने त्यांनी मान्यता दिली असा अर्थ होतो. हिंदीत 'उन्होंने ही मान्यता दी' असे लिहिले असेल तर दुसऱ्या कोणी नव्हे, त्यांनीच दिली असा अर्थ होतो.

दोन्ही भाषांत निष्णात असणाऱ्यांनी ही वाट सहज पार केली आहे. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. सिद्धान्ताची मांडणी करणाऱ्या अशा ग्रंथांत 'च' आणि 'ही' यांच्यावर सगळा युक्तिवाद तोललेला असतो. कर्मच की ज्ञानही, हा त्यातला प्रश्नच एकाक्षरी आहे. मराठी 'च'च्या ठिकाणी हिंदी 'ही' आणि मराठी 'ही'च्या ठिकाणी हिंदी 'भी', असा पालट भाषांतरकाराला पदोपदी करावा लागतो. तो इतक्या वेळा आणि इतक्या सफाईने केला जातो की वाचकाला त्याची जाणीवही होत नाही.

नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असेपर्यंत अशा द्विभाषिकतेला संस्थांचा आधार होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिला, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. कारखान्याची उभारणी नेमकी या वाटणीच्या काळातली. विदर्भातून भिलाईला आलेला कामगार रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आला होता, पण भाषेच्या दृष्टीने तो दुसऱ्या राज्यात आला. मुलांचे शिक्षण हिंदीत होणे हा त्याचा स्वाभाविक परिणाम होय.

अशा घरात बोलीभाषेने स्वतःच एक वाट काढलेली आढळते. बोलण्यात मराठी माणूस 'मीही येतो' असे क्वचितच म्हणतो, तो 'मी पण येतो' असे म्हणतो. संस्कृत 'पुनः'पासून आलेला हा 'पण' हिंदीतील कोणत्याही शब्दाशी गफलत होऊ देत नाही. त्यामुळे घरातल्या संभाषणापुरती अडचण टळते. 'च'लाही धोका कमी, कारण नागपूर-मुंबईकडच्या हिंदीत तो स्वतःच शिरलेला आहे. केवळ त्याचा दंततालव्य उच्चार हिंदीच्या संगतीत तालव्य होण्याचा संभव असतो. अडचण उरते ती लिखित मराठीची. हिंदी माध्यमात शिकलेल्या तरुणाला देवनागरी उत्तम वाचता येते, घरातले मराठी शब्द कळतात, आणि म्हणून आजोबांची पत्रे किंवा घरातली जुनी पुस्तके आपल्याला वाचता येतात असे त्याला वाटते. जो शब्द कळत नाही तो तो कोणाला तरी विचारतो. 'ही' मात्र तो विचारणार नाही, कारण तो त्याला कळतो असेच त्याला वाटत असते. अपरिचित शब्दापेक्षा अशा परिचित शब्दाने होणारी चूक अधिक टिकाऊ असते.

हा प्रश्न घरगुती पत्रांपुरता नाही. छत्तीसगडातील मराठी अंमलाच्या इतिहासाची साधने मोडी लिपीत आहेत, आणि मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही. अक्षरांची ओळ सलग चालते. तिच्यातून 'च' आणि 'ही' कोठे वेगळे करावयाचे हे वाचणाऱ्यावर सोडलेले असते. उदाहरणादाखल, एखाद्या पत्रात 'जमीनदारांसही कळविले' असा मजकूर आहे असे समजू. मराठी वाचक त्याचा अर्थ इतरांबरोबर जमीनदारांनाही कळविले, असा करील. हिंदीच्या सवयीने वाचणारा फक्त जमीनदारांनाच कळविले, असा करील. एका अर्थाने कारभार सर्वांना विश्वासात घेणारा ठरेल, दुसऱ्या अर्थाने मोजक्यांपुरता ठरेल. पुढे त्या वाचनावर प्रबंध लिहिले जातील. एका अक्षराच्या अर्थावर राजवटीचे मूल्यमापन अवलंबून राहील. म्हणून छत्तीसगडात मोडी लिपीचे शिक्षण देताना केवळ अक्षरओळख पुरेशी नाही. मराठी अव्ययांचा, त्यांतही हिंदीशी उलट अर्थ असणाऱ्या अव्ययांचा, स्वतंत्र पाठ त्या शिक्षणात असावयास हवा.

८

या विवेचनाचा सारांश असा. 'ला' हा मराठी आणि छत्तीसगडी या दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे झिजून तयार झाला असणे पूर्णतः शक्य आहे. नेपाळीचा दाखला त्यास पुष्टी देतो. 'च'चे नाते मराठीशी असले तरी ते दरबाराचे नसून सीमेवरच्या लोकांचे असावे आणि त्याची वाक्यातील जागा छत्तीसगडीची स्वतःची आहे. 'ही'च्या बाबतीत मराठी आणि हिंदी यांच्यातील साम्य केवळ दृष्टीचे आहे, आणि भिलाईसारख्या ठिकाणी वाढलेल्या मराठी पिढ्यांना त्याची जाणीव करून देणे हे मराठीच्या अध्यापनाचे काम आहे.

विदर्भातून आलेल्या एखाद्या कुटुंबातील वृद्ध गृहस्थाने 'आम्हीही खुर्सीपारचे' असे लिहून ठेवले आहे, अशी कल्पना करू. त्याला म्हणावयाचे आहे की तेलुगू, छत्तीसगडी, भोजपुरी शेजाऱ्यांप्रमाणे आम्हीदेखील येथलेच. त्याच्या नातवाने ते हिंदीच्या कानाने वाचले, तर त्याला असे वाटेल की आजोबा म्हणत आहेत : खुर्सीपारचे ते आम्हीच. वाक्य तेच, लिपी तीच, वाचणाराही घरातलाच. पण सामील होण्याची नम्र नोंद मालकीच्या दाव्यात बदलून जाईल. आजोबांना काय म्हणावयाचे होते हे त्या नातवाला नेमके कळावे, एवढ्यासाठी तरी या एकाक्षरी शब्दांचा इतिहास शिकवला गेला पाहिजे.